घोडा सापडेपर्यंत

पाहुण्यांना जेवायला बोलावून उपाशी परत पाठवणारा निपाणीत मी एकटाच असेन.

चिकोडीचे पाहुणे पल्लवीला, म्हणजे आमच्या एकुलत्या एक मुलीला, बघायला आले होते. स्थळ सोन्यासारखं. आम्ही जैन, तेही जैन. म्हणजे दिवस मावळायच्या आत जेवण, नंतर पाण्याचा घोटही नाही. त्यात मुलाच्या आज्जींचं एकाशन. दिवसातून एकदाच जेवायचं, आणि ते आमच्याकडे! बायको सकाळपासून पुरणपोळीच्या मागे होती.

पोळ्या होईपर्यंत वेळ काढायचा म्हणून मुलाच्या वडिलांनी, अण्णांनी, विचारलं, "तुमाला नाद कशाचा?"

"जुने इंग्रजी पिक्चर. काउबॉयचे."

"मग लावा की एखादा."

मी लावला. (इथंच माझी अक्कल चरायला गेली.) टीव्ही नीट दिसावा म्हणून खिडक्याही बंद केल्या. नेमका निवडला तो जगावेगळा. त्यातल्या काउबॉयच्या पिस्तुलात गोळ्या नव्हत्या आणि घोडा हरवला होता. गडी पिक्चरभर पायी फिरून घोडाच शोधत होता.

"पप्पा, पानं वाढलीत," पल्लवी म्हणाली.

"पाच मिनिटं गं. आता गोळीबार होतोय."

(मला काय ठाऊक? मीही तो कधी शेवटपर्यंत पाहिला नव्हता!)

मग बायको आली. "अहो, बंद करा की ते."

"थांबा आक्का," अण्णाच म्हणाले. "घोडा गावू दे. मुकं जनावर, कुठं उपाशी फिरतंय कुणास ठाऊक."

आज्जीही पुढं सरकून बसल्या होत्या. "त्या डोंगरामागं बघ म्हणावं रं त्याला."

पल्लवी परत आली, तिला मी हातानंच गप्प केलं. टीव्हीवर माळरान तांबूस झालं, सूर्य सावकाश बुडाला, काउबॉय खोगीर उशाला घेऊन झोपला आणि पिक्चर संपला. घोडा सापडलाच नाही. मी खिडकी उघडली. बाहेरही अंधार होता.

स्वयंपाकघरातून तुपाचा वास येत होता. आज्जी आता थेट उद्याच जेवणार होत्या. मला खरंच रडू यायला लागलं. पोरीची सोयरीक मी एका परक्या घोड्यापायी घालवली होती.

अखेर आज्जी म्हणाल्या, "पोरीनं दोनदा येऊन सांगिटलं, आपूनच ऐकलं न्हाय. पोरगी पसंत हाय. पर एक अट हाय."

"सांगा की आज्जी," मी हात जोडले.

"लग्नात ह्यास्नी कसलंबी काम देऊ नगासा."

अट तंतोतंत पाळली गेली. लग्नात मी सकाळपासून खुर्चीवर बसून होतो. कन्यादानाला तेवढं बोलावलं. त्याआधी आज्जींनी उपाध्यांना विचारून घेतलं होतं म्हणे, "हे मामानं केलं तर चालतंय का?"