दुपारी चारपर्यंतची खोली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. लिहायला बसायचो आणि दुसरंच काही काढायचो.

आमगावला माझी राइस मिल होती. कामासाठी नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलात सारखा मुक्काम — म्हणून त्यांनी सोनेरी कार्ड दिलं. नाश्ता फुकट, मोठी खोली, आणि खोली सोडायची दुपारी चारला. मग कंपनीनं नियम बदलले. नाश्ता गेला, मोठी खोली रिकामी असली तरच. कार्ड टिकवायला वर्षात मुक्कामाच्या रात्री मात्र जास्त लागायच्या. चारची सवलत तेवढी उरली. मी घरीदारी या नियमांच्या नावानं इतका कुरकुरलो, की सगळ्यांना पाठ झाले होते.

त्याच वर्षी दादा नागपूरला दवाखान्यात. वहिनी पाच दिवस व्हरांड्यात सतरंजीवर. मी हॉटेलात — कार्डासाठी रात्री भरत होतो. हो, तेव्हासुद्धा.

सहाव्या सकाळी ती म्हणाली, "भाऊजी, तुमच्या खोलीवर आंग धुऊन येऊ का? तोवर तुम्ही तुमच्या दादाजवळ बसा."

"नियम बदलले वहिनी. बाहेरच्या माणसाले वर सोडत नाहीत आता."

"हव का? मंग राहू द्या."

लगेच पटलं तिला. का नाही पटणार? पण असा नियम नव्हताच. चुरगळलेल्या लुगड्यातली, दवाखान्याचा वास येणारी बाई माझ्या खोलीची किल्ली घेऊन लॉबीत दिसली, तर काउंटरवरची पोरं काय म्हणतील — एवढंच होतं. मला नावानं नमस्कार करायची ती पोरं.

मी हॉटेलवर जाऊन झोपलो. खोली चारपर्यंत होती ना. मी गेल्यावर वहिनी बसस्टँडच्या न्हाणीघरात रांगेत उभी राहिली. दादा तेवढ्यात गेला. जवळ कुणी नव्हतं.

पुढं बारा वर्षं ती म्हणायची, "मीच उठून गेली ना. एक दिवस आंग नसतं धुतलं, तं मरत होती का मी?" मी समोर बसून ऐकायचो. एकदा तर म्हणालो — "जाऊ द्या वहिनी, व्हते चूक माणसाकडून." तिच्या चुकीची माफी मी तिला दिली. कळतंय ना तुम्हाला, मी काय केलं?

या चैत्रात ती गेली. त्याआधी मुद्दाम अर्जुनी मोरगावला गेलो होतो, तिच्या घरी. निघताना दारात म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी तुमची काही चूक नव्हती."

तिनं वर पाहिलं. "काऊन म्हणून राहिले असं?"

"असंच," म्हणालो, आणि चप्पल घालायला वाकलो.