एकाच लढतीचं तिकीट

सुट्टेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते इमारतीने ठेवलं आणि त्यांना इतकं चपखल बसलं, की सोफे दुरुस्तीला आणणारी गिऱ्हाइकंसुद्धा आता तळमजल्यावरच्या दुकानात डोकावून "सुट्टेराव आहेत का?" असंच विचारतात. कारण साधं. या गृहस्थांना महिन्याचं म्हणून काही चालत नाही. बसचा पास नाही, रोज तिकीट. पेपर घरी टाकायचा नाही, सकाळी कोपऱ्यावर जाऊन एक घ्यायचा. बातम्या बऱ्या दिसल्या नाहीत तर हात हलवत परत यायचं. जेवढं लागेल तेवढंच घ्यावं आणि मोकळं व्हावं, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. त्यांच्या बायकोने एकदा जिन्यात सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "यांचं चाललं असतं ना, तर लग्नाचंही रोज सकाळी नवं तिकीट काढलं असतं." सुट्टेराव हसले. नाही मात्र म्हणाले नाहीत.

हात मात्र सोन्याचा. खचलेला, फाटलेला, कुत्र्याने कुरतडलेला सोफा आणून टाका. जुना काथ्या उपसून, नवा फोम भरून असा शिवतील की बसणाऱ्याला उठवत नाही. त्यांची एकुलती एक मुलगी बुक्की. पाळण्यावर वाकणाऱ्या प्रत्येकाच्या नाकावर एक ठेवून द्यायची, म्हणून बुक्की. पुढे ती खरंच बॉक्सिंग करायला लागली, तेव्हा इमारतीला स्वतःच्या दूरदृष्टीचं फार कौतुक वाटलं. तिची सरावाची जाड पिशवी बापानेच शिवलेली. दर दोन महिन्यांनी ती उसवून दुकानात येते. उजवा ठोसा बसतो तिथलं कातडं आधी जातं. ते किती झिजलंय यावरून सुट्टेराव ओळखतात, पोरीचा खांदा बरा आहे की दुखतोय, कुणावर राग आहे की नाही.

पण लढत त्यांनी एकही पुरती पाहिली नव्हती. पहिल्या वेळी मोठ्या ऐटीत हॉलवर गेले होते. समोरच्या मुलीचा पहिलाच ठोसा बुक्कीच्या गालावर बसला, आणि हे उठले ते थेट सायकली लावतात तिथे जाऊन निकाल लागेपर्यंत उभे राहिले. त्यानंतर दर लढतीच्या दिवशी कुणाचा ना कुणाचा सोफा अगदी निकडीचा निघायचा. बुक्की काही बोलायची नाही. या वेळी बोलली.

परगावी एका मोठ्या सामन्याच्या आधी तिची चार फेऱ्यांची लढत ठरली होती. टीव्हीवर दिसणारी पहिलीच. आईला घेऊन निघताना ती दुकानाच्या दारात थांबली.

"बाबा, या वेळी हॉल नाही, गर्दी नाही. आपल्या खुर्चीत बसून बघायचंय. मी रविवारी सहाला फोन करीन. एकच विचारीन, पाहिलंत का. खोटं बोललात तर मला कळेल."

"बघणार म्हणजे बघणार."

"नाही पाहिलंत तर सरळ सांगा. मग मी पुन्हा विचारणार नाही. कधीच."

ते 'कधीच' सुट्टेरावांना बोटात दाभण जावं तसं लागलं.

त्यांनी त्याच दिवशी बंदोबस्त केला. दुकानाला लागूनच त्यांची धाकटी बहीण राहते, बुक्कीची आत्या. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त, मालिकांची शौकीन, आणि सामना दाखवणाऱ्या त्याच कंपनीची महिन्याची वर्गणीदार.

"दादा, माझ्याकडेच ये की," ती म्हणाली. "पैसे भरलेलेच आहेत."

"तुझं ते महिन्याचं लचांड तुलाच लखलाभ! तीस दिवस कोण कुठे रडतंय ते बघायचं. त्यात बॉक्सिंग कुठून येणार? मी फोनवरून या एकाच सामन्याचं तिकीट काढलंय. पैसे टाकले, सामना बघितला, विषय संपला."

आत्याने नाक मुरडलं. "बरं. मग मी माझ्या लचांडावर बघते."

रविवारी पाच वाजता सुट्टेरावांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात केशकर्तनालयवाले आणि आणखी दोघे-तिघे शेजारी जमले. सुट्टेराव दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खुर्चीत. कार्यक्रम सुरू झाला. एक टकलू माइक घेऊन बराच वेळ बोलला. मग दोन धिप्पाड पुरुष आले आणि एकमेकांना रेलून उभे राहिले. मग आणखी दोघे आले.

"येईल हो," केशकर्तनालयवाले म्हणाले. "लग्नात नवरी काय आधी येते?"

तेवढ्यात आत्या जिना चढून वर आली. धाप लागलेली, डोळे लाल.

"दादा, पाहिलंस ना रे?"

"काय पाहिलंस? अजून आली कुठे ती? हे दोन रेडेच मघापासून मिठ्या मारतायत."

आत्या उंबऱ्यातच थबकली. "अरे, तिची तर झाली. साडेचारलाच."

केशकर्तनालयवाल्यांनी सुट्टेरावांचा फोन उचलला, तिकिटाखालची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेली आणि वाचली: मोठ्या लढती तिकीटवाल्यांना, आधीच्या छोट्या लढती महिन्याच्या वर्गणीदारांना.

"असं कुठे असतं?" सुट्टेराव म्हणाले. "तिकीट काढलं की सगळा खेळ आपला!"

"काय झालं हो आत्या, जिंकली की—" एका शेजाऱ्याने विचारायला सुरुवात केली.

"गप्प!" सुट्टेराव उभेच राहिले. "कुणी एक अक्षर सांगायचं नाही." घड्याळात पावणेसहा. "ती लढत पुन्हा दिसते का गं?"

"दिसते. वर्गणीत झालेलं सगळं बघता येतं."

जिना उतरताना आत्याने फक्त एवढंच विचारलं, "लचांड म्हणालास ना?"

"म्हणालो."

"खालच्या पायरीवर पाणी सांडलंय, बघून उतर."

बाकीची मंडळी वरच राहिली. पैसे भरलेत, वाया कशाला घालवायचे, असं त्यांचं म्हणणं पडलं.

पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत बुक्कीच्या ओठावर ठोसा बसला, आणि सुट्टेरावांनी डोळे मिटले.

"बघ, दादा."

"थांबव जरा."

आत्याने बटण दाबलं. पडद्यावर बुक्की अर्ध्या उघड्या तोंडाने, समोरच्या मुलीचा ग्लोव्ह ओठावर घेऊन तशीच थिजली. सुट्टेरावांनी एक डोळा उघडला.

"अगं, हे तर आणखी वाईट. चालू कर, चालू कर!"

तिसऱ्या फेरीत बुक्कीचा उजवा हात खाडकन बसला आणि सुट्टेराव खुर्चीतून उडाले. "तिथेच! पिशवीचं कातडं तिथेच जातं!" आत्याला काही कळलं नाही, पण तीही टाळ्या वाजवायला लागली.

चौथी फेरी सुरू झाली आणि आत्याचा फोन वाजला.

"आत्या, बाबा फोन उचलत नाहीत. तुझ्याकडे आहेत का?"

"आहे. पण आत्ता बोलणार नाही. तुझी लढत बघतोय."

"ती संपून सव्वा तास झाला!"

"त्याची एक फेरी राहिलीय. थांब तू." आत्याने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"हात वर!" सुट्टेराव टीव्हीवर ओरडत होते. "डावा वर घे, डावा!"

"घेतला होता, बाबा," फोनमधून आवाज आला. "पुढच्याच ठोशाला."

"मध्ये बोलू नकोस!"

घंटा झाली. पंच दोघींना मध्ये घेऊन उभा राहिला, आणि त्याने दुसऱ्या मुलीचा हात वर केला. आत्या खाली बघत बसली.

"हरले," बुक्की म्हणाली.

"पाहिलं," सुट्टेराव म्हणाले.

बुक्कीने लगेच पुढचं विचारलं.

"डोळे मिटले होते ना?"

"एकदा."

"तीनदा," आत्या म्हणाली.

बुक्की खळखळून हसली आणि लगेच कळवळली. "आई गं! टाका पडलाय ओठाला. हसवू नका."

"मग बोलू नकोस. ऐक फक्त." सुट्टेरावांनी फोन उचलून मांडीवर घेतला, खुर्ची टीव्हीच्या आणखी जवळ ओढली आणि बहिणीला म्हणाले, "पहिल्यापासून लाव गं. आता नीट बघतो."