वहिनी गेल्या त्या सकाळी

"माझा कुणावर राग नाही, पण..." असं काकू म्हणाल्या की समजावं, आता कुणाचं तरी काही खरं नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण पाणमांजरांशी वैर धरणारी काकू तुमच्या पाहण्यात असेल असं मला वाटत नाही.

सिंगापूरला, क्लेमेंटी भागात, आमच्या समोरच्याच दारात त्या राहायच्या. काका बँकेत, शहरातल्या तांजोंग पगार भागात. मुलगी लग्न होऊन गेलेली. काकूंच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. केकच्या खोक्यावरची बारीक अक्षरं त्या भिंग लावून वाचायच्या. कॉन्डोच्या, म्हणजे आमच्या सोसायटीच्या, कमिटीच्या त्या सेक्रेटरी होत्या, आणि गेटजवळच्या तळ्यातले अकरा रंगीत कोई मासे ही त्यांची स्वतःहून घेतलेली जबाबदारी होती. प्रत्येकाला नाव होतं. शेंदऱ्या, टिकली, पहिलवान. एक जाडजूड, पांढरी, मानेवर लाल डाग असलेली मासोळी होती. ती सगळ्यांच्या आधी खायला यायची आणि सगळ्यांच्या नंतर जायची, म्हणून ती वहिनी.

एके दिवशी सकाळी सातला काकांचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "अरे, वहिनी गेल्या."

मी चटकन पलंगावर उठून बसलो. "अरेरे! कधी? आजारी होत्या का?"

"नाही रे. खाल्लं त्यांना."

खाली गेलो तेव्हा तळ्याकाठी खवले पडले होते आणि काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मागच्या कालव्यातून पाणमांजरांचं एक कुटुंब आलं होतं, नाश्ता करून निघून गेलं होतं. "माझा कुणावर राग नाही," काकू म्हणाल्या, "पण ह्यांना पकडलंच पाहिजे."

त्या दिवसापासून कॉन्डोत दोन पक्ष पडले. पकडा-पक्षाच्या पुढारी काकू. त्यांचा उजवा हात म्हणजे बाराव्या मजल्यावरचा न्यूझीलंडचा एक उंचापुरा गृहस्थ. तो तिकडे खरोखरच रानात शिकारीला जायचा. त्याच्या दिवाणखान्यात भिंतीवर हरणाचं मुंडकं होतं. पक्षाच्या बैठका तिथे व्हायच्या. काकू मुंडक्याकडे पाठ करून बसायच्या आणि घरून नेलेलं पाणी प्यायच्या.

सोडा-पक्षाचे पुढारी तळमजल्यावरचे निवृत्त चिनी अंकल. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर टोपी. पाणमांजरं कालव्यात कुठे आहेत हे त्यांना रोज ठाऊक असायचं. हे अंकल दुपारी हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यावर माशाचं अख्खं डोकं डोळ्यांसकट संपवायचे. म्हणजे मासे खाणारा दया मागत होता आणि शाकाहारी बाई शिकाऱ्याबरोबर पिंजऱ्याची मापं घेत होती. काय म्हणावं?

"आंटी, दे ऑल्सो मस्ट ईट, वॉट," अंकल त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायचे.

"खाऊ देत. ओळखीचे मासे कशाला?" काकू मराठीतच उत्तर द्यायच्या. अंकलना ते नेमकं समजायचं.

अडचण एकच होती. सिंगापूरमध्ये रानटी प्राणी परवानगीशिवाय पकडता येत नाही. तेव्हा सरकारकडे पिंजरा लावण्याची परवानगी मागायची, असा ठराव काकूंनी कमिटीपुढे ठेवला. त्यावर मतं घ्यायची सभा तीन आठवड्यांनी होती. तोवर पहारा.

काकू पहाटे स्टीलचं ताट आणि लाटणं घेऊन तळ्याकाठी बसू लागल्या. पाण्यात जरा खळबळ झाली की धडाधड ताट बडवायच्या. पाणमांजरं आली की नाही कोण जाणे, पण चार इमारती जाग्या होऊ लागल्या. तक्रारी आल्या. 'सकाळी भांडी वाजवणाऱ्या अज्ञात रहिवाशास' कमिटीने कडक ताकीद दिली. पत्राखाली सेक्रेटरी म्हणून काकूंचीच सही होती.

"बाकीच्यांनाही जरब बसायला नको का?" त्या मला म्हणाल्या.

मग शिकाऱ्याने तळ्याला लागून असलेल्या कुंपणातल्या फटीला नायलॉनची जाळी बांधून दिली. ताट थांबलं. सभेच्या दिवशीच सकाळी मी ऑफिसला निघालो तर तळ्याकडून शिट्टीसारखं बारीक, न थांबणारं ओरडणं ऐकू आलं. जाळीत एक पिल्लू अडकलं होतं. मांजराएवढं, ओलंचिंब. सुटायला धडपडेल तेवढा गळ्याभोवतीचा फास आवळत होता. कुंपणापलीकडे त्याची आई दात विचकून येरझाऱ्या घालत होती, मागे बाकीचं कुटुंब. अंकल वन्यप्राण्यांच्या हेल्पलाइनला पुन्हापुन्हा फोन लावत होते.

शिकारी मात्र खूश होता. म्हणाला, राहू दे तसंच, फोटो काढून सभेत दाखवू, म्हणजे उपद्रव सिद्ध होईल.

काकू लिफ्टमधून आल्या. त्यांनी एकदा पाहिलं आणि आल्या पावली परत वर गेल्या. मला वाटलं, त्यांना बघवत नसेल. दोन मिनिटांत कोथिंबीर कापायची कात्री घेऊन आल्या, साडी खोचली आणि गुडघाभर पाण्यात उतरल्या. कुंपणापलीकडून आई फिस्कारली.

"माझा तुझ्यावर राग नाही," काकू तिला म्हणाल्या, "पण जरा गप्प बस. हात हलतो माझा."

एकेक दोरा करत त्यांनी जाळी कापली. पिल्लू सुटलं, पण पळालं नाही. खोकत तिथेच बसलं. तेवढ्यात कापलेल्या जाळीतून अख्खं कुटुंब आत शिरलं. आईने पिल्लाला मानेला धरून उचललं, आणि बाकीच्यांनी काकूंच्या पायांजवळून बुडी मारून शेंदऱ्याला वर काढलं.

मी ओरडलो, "काकू, शेंदऱ्या!"

काकू पाण्यात तशाच उभ्या होत्या. "खाऊ दे," त्या म्हणाल्या. "घाबरलीत बिचारी."

संध्याकाळच्या सभेत दोन्ही पक्षांची माणसं सारखीच जमली. ठराव वाचायची वेळ आली तशा काकू उठल्या. "ठराव माझा होता. मी मागे घेते. पुढचा विषय, लिफ्टचा पंखा."

शिकारी ताडकन उभा राहिला. तुम्ही आमच्या पुढारी होतात, म्हणाला. काकूंनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "होते," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "सकाळपर्यंत." तो पुन्हा कधी त्यांच्याशी बोलला नाही. उरलेले मासे मात्र काकूंनी स्वतः बादल्यांतून एका शाळेच्या बंदिस्त तळ्यात पोचवले. शाळेतल्या मुलांना नावं पाठ होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

दोन वर्षांनी काका निवृत्त झाले आणि दोघं पुण्याला गेली. समोरच्या दारात आता एक तरुण जोडपं राहतं. ती दोघं हसून नमस्कार करतात, एवढंच.

परवा बस स्टॉपवर उभा होतो. अचानक सगळी रहदारी थांबली. पाणमांजरं एका ओळीत रस्ता ओलांडत होती, बसचा ड्रायव्हरसुद्धा फोटो काढत होता. मी छोटासा व्हिडिओ काढून काकूंना पाठवला. मिनिटाभरात फोन.

"अरे, सहा गेली. सगळ्यात मोठं वळून मागे बघतंय. एखादं राहिलंय का?"

"नाही हो काकू, एवढीच होती."

"वळून बघतंय म्हणते ना! नीट बघ."

माझी बस आली आणि गेली. मी कानाला फोन लावून वाकून गटाराच्या तोंडाशी बघत राहिलो. तिकडे पुण्यात काकूंचा श्वास ऐकू येत होता. मग एक ओलं डोकं बाहेर आलं, इकडे तिकडे पाहिलं आणि तुरुतुरु पळत पलीकडे गेलं.

"आलं, काकू. गेलं पलीकडे."

"पोचलं?"

"पोचलं."

"बरं," त्या म्हणाल्या. "जा आता ऑफिसला."