नावाड्याचं वाकलेलं वल्हं

आमच्या मामांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, दात लक्षात राहतात. "तो नाही का, खालचे पुढचे दोन एकमेकांवर चढलेले," असं म्हटलं की मामीने ओळखायचं, शेजारच्या इमारतीतले वकील. मामी बरोबर ओळखतेही. इतक्या वर्षांच्या संसारात दुसरं काही शिकले नाही, हे मात्र शिकले, असं ती म्हणते.

मामांनी आयुष्यभर कवळ्या केल्या. ते दातांचे डॉक्टर नव्हेत; डॉक्टर ज्यांच्याकडे जबड्याचे ठसे पाठवतात, ते. दवाखान्याच्या मागची खोली, खिडकीशी टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेण आणि बारीक कोरण्या. समोर माणूस कधीच नाही, नुसता प्लास्टरचा जबडा. कवळी छान बसली की लोक डॉक्टरांचे आभार मानून घरी जायचे. टोचली की डॉक्टर मागच्या खोलीत येऊन मामांवर आवाज चढवायचे. "आपल्याला कोण ओळखतंय," असं मामा हसत म्हणायचे. त्यात सवय किती आणि दुःख किती, हे त्यांच्या तोंडावरून कळायचं नाही.

निवृत्त झाल्यावर खोली सुटली, पण मेण सुटलं नाही. गॅलरीत टेबल मांडून ते माणसं कोरू लागले. गालफडं बसलेला पोस्टमन, पिशव्यांनी वाकलेली, काठी टेकणारी नर्स, मांजर पोटाशी धरलेली मुलगी. जबड्यावरून आख्खा माणूस उभा करायची त्यांना खोडच लागली.

आणि मी, त्यांची भाची, पटावरचे खेळ रचते. हा पोटापाण्याचा उद्योग आहे, हे आमच्या घरात अजून कुणाला पटलेलं नाही. फक्त मामांना पटलं, कारण कवळ्या करणं हासुद्धा उद्योग आहे हे त्यांना लोकांना पटवून द्यावं लागलं होतं.

माझ्या खेळाचं नाव 'पूररेषा'. गावात पाणी चढतंय, खेळणाऱ्यांनी मिळून बारा माणसांना होडीत बसवून टेकडीवर न्यायचं. ती बारा माणसं मामांची. मी त्यांना मिनिएचर म्हणते, मामा 'माणसं' म्हणतात आणि मामी 'ठोकळे'. त्यातली छत्री उघडून उभी असलेली नाकेली बाई कोण, हे मामा कबूल करत नाहीत. मामी आरशात बघून म्हणते, "मला कशाला सांगायला हवं?"

असे खेळ आधी विकतात आणि मग बनवतात. इंटरनेटवर फोटो टाकायचे, आवडेल तो आगाऊ पैसे भरतो, आणि त्या अनोळखी लोकांच्या भरवशावर आपण कारखान्याच्या पायऱ्या चढायच्या. लोक भुलले ते माझ्या नियमांना नाही, मामांच्या मेणातल्या माणसांना. हे मला तेव्हाच कळलं होतं आणि मला त्याचा जराही राग आला नाही. खोक्यावर 'शिल्पकार' म्हणून मामांचं नाव घालायचं ठरलं. मामा तेव्हा म्हणाले, "काहीतरीच काय!" आणि कान लाल होईपर्यंत खुश झाले.

मग कारखान्याने आमच्या तोंडचं पाणी पळवलं. कडक प्लास्टिकचं काम आम्ही बंद केलं, असं त्यांनी एका ओळीत कळवून टाकलं. दुसरा कारखाना शोधला. तिथल्या कामाची देखरेख करणाऱ्या बाई बोलायला सरळ होत्या. त्यांनी आधीच सांगितलं, "आमच्याकडे मऊ प्लास्टिक मिळेल. चेहरे छान उठतील. बारीक काड्यांची मात्र हमी नाही." मी म्हटलं, चालेल. दुसरं म्हणणार काय?

नमुन्याची पेटी आली तेव्हा आम्ही तिघं गॅलरीत होतो. मी नावाडी बाहेर काढला. मेणात त्याने वल्हं असं उगारलं होतं की बघणाऱ्याने बाजूला व्हावं. प्लास्टिकमध्ये त्या वल्ह्याने मान टाकली होती. नर्सची काठी वाकडी, छत्रीचा दांडा वाकडा. मामी म्हणाली, "मला चालतं, नाक सरळ आलंय." मामांनी पातेल्यात पाणी तापवलं, नावाड्याला त्यात बुडवलं, वल्हं बोटांनी सरळ केलं आणि लगेच गार पाण्यात धरलं. वल्हं ताठ झालं. मी इतकी नाचले की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. दुसऱ्या दिवशी गॅलरीत ऊन आलं आणि नावाडी पुन्हा होता तसा.

पण खरा घोटाळा पुढेच होता. मी माणसांना होडीत बसवायला गेले तर एकही बसेना. प्रत्येकाच्या पायाखाली गोल चकती असते, ती होडीतल्या खाचेत रुतायची. चकत्या मोठ्या, खाचा लहान. होडी मी कॉम्प्युटरवर आखली होती, कागदावरच्या मापाला ती बरोबर उतरली होती. माणसांची फाईल मात्र मामांच्या मेणावरून स्कॅन केलेली होती. मग मी बाईंना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आकृत्यांच्या फाईलमध्ये जे माप आहे, तेच आम्ही दिलंय. तुमची फाईलच मोठी आहे."

मी फोन ठेवला. मामा नावाड्याला हातात धरून बसले होते.

"माझी चूक आहे," ते म्हणाले.

"तुमची कशी असेल?"

"कवळीचं प्लास्टिक शिजताना आटतं. म्हणून मेणात आम्ही सगळं जरा भरून ठेवतो. हाताला सवय आहे. माणसं कोरतानाही मी सूट ठेवली."

"पण कारखानासुद्धा आटण्याची सूट ठेवतो ना!"

"तेच तर. त्यांनी त्यांची ठेवली, मी माझी ठेवली."

खेळाचा पहिला नमुना मी घरीच केला होता, तेव्हा पुठ्ठ्याची होडी माणसं हातात घेऊन, अंदाजाने कापली होती. त्यामुळे ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात येण्याचं कारणच नव्हतं. मला आधी हसू आलं. काळजी करणारी दोन माणसं एकाच मुलाला दोन स्वेटर घालतात, तसं झालं होतं. मामांना हसू आलं नाही.

माणसं कॉम्प्युटरवर थोडी लहान करता आली असती. पण बाई म्हणाल्या, "मग वल्हं आणखी बारीक होईल. आत्ताच वाकतंय, मग तर लोंबेल. माणसं नव्याने घडवावी लागतील. काठ्या जाड, हात अंगाला चिकटलेले. आमच्याकडे एक जण आहे, कॉम्प्युटरवर भराभर करून देईल. मामांना पुन्हा कोरायचं असेल तर खेळ बराच लांबेल, हे तुमच्या लोकांना सांगा."

मामांनी एका क्षणात निकाल लावला. "त्यांच्या माणसाकडून करून घे. आणि खोक्यावरून माझं नाव काढ."

"मामा, लोकांनी पैसे तुमच्या माणसांसाठी भरलेत."

"आणि मी त्यांना काय दिलं? होडीत न बसणारी माणसं! पुरात बुडवली मी सगळी." असं म्हणून ते उठले आणि कोरण्या डब्यात घालू लागले, एकेक पुसून. मामीने माझ्याकडे पाहिलं. तिचा तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता. ती हळूच म्हणाली, "हा डबा बंद झाला तर परत उघडायचा नाही बघ."

खेळ कसाही निघाला असता. मामा गॅलरीत रिकाम्या टेबलापाशी पेपर वाचत बसलेले मला बघवले नसते.

मी म्हटलं, "लोकांनाच विचारू. त्यांचा खेळ आहे." मामा कबूल झाले, एका अटीवर: चूक कुणाची, हे स्पष्ट लिहायचं. मी नको म्हणत होते. लोक म्हाताऱ्या माणसावर तुटून पडतील, ही भीती. मामी म्हणाली, "लिही गं. आजवर त्यांच्यावर दवाखान्यात कुणी कमी ओरडलंय का?" मग मामांनीच सांगितलं आणि मी टाइप केलं. वाकलेल्या वल्ह्याचा फोटो टाकला. सूट दोनदा कशी पडली, हे लिहिलं. मी कवळ्या करणारा माणूस आहे, हाताच्या सवयीने चुकलो, असं त्यांनी घालायला लावलं. शेवटी दोन पर्याय: खेळ लवकर हवा की मामांच्या हातचा हवा?

त्यानंतर उत्तरं यायला लागली आणि मी ती मामांना वाचून दाखवू लागले. पहिलंच उत्तर होतं, "आजोबांना आराम द्या आणि खेळ पाठवा." मामा म्हणाले, "हा बरोबर बोलतोय. दुसरं वाच." दुसऱ्याने पैसे परत मागितले होते. तिसऱ्याने वल्ह्यावर तापवली की आवळून बसणारी प्लास्टिकची नळी चढवायचा उपाय सुचवला होता. पण मग सूर बदलला. थांबतो. थांबतो, घाई नाही. ही माणसं कुणीतरी हाताने कोरली आहेत हे माहीतच नव्हतं, थांबतो. चूक सांगणारा कारागीर पहिल्यांदा भेटला, हवं तितकं थांबतो. एका शिक्षकाने लिहिलं होतं, मांजरवाली मुलगी मला नक्की हवी, तिच्या मांजराला दात आहेत.

मामा फक्त "आहेत ना दात," एवढं म्हणाले.

मग एका बाईंचं उत्तर आलं. मला ते जसंच्या तसं आठवतं. "मी कवळी लावते. तिच्यामुळे मी पुन्हा मोकळेपणी हसू लागले. ती कुणी केली हे मला कधी कळलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही. ज्यांनी केली त्यांना माझे आभार पोचणार नाहीत, म्हणून तुमचे मानते. मी थांबते."

मी वाचून वर पाहिलं तर मामा खुर्चीत नव्हते. गॅलरीत उभं राहून कुंड्यांना पाणी घालत होते. मामी म्हणाली, "अहो, सकाळीच घातलंय मी." ते घालतच राहिले. तिने पुन्हा टोकलं नाही. मलाही रडू येत होतं, आणि ते लपवायला माझ्याकडे कुंड्याही नव्हत्या.

थांबतो म्हणणारे इतके निघाले की विचारायचं काही उरलंच नाही. डबा उघडला गेला. मामांनी सगळी माणसं पुन्हा कोरली, आणि या वेळी सूट न ठेवता. हे त्यांना सगळ्यात जड गेलं. हात आपोआप भरत जायचा, मग ते स्वतःलाच दटावत, "पुरे, पुरे." पिशव्यावाली नर्स आता काठी अंगाशी टेकवून जरा विसावली. मामीसारख्या दिसणाऱ्या बाईने छत्री मिटली आणि काखेत मारली. त्यात ती जास्तच मामीसारखी दिसायला लागली. नावाड्यासाठी मामा बरेच दिवस अडले. उगारलेला हात खाली आणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. शेवटी त्यांनी वल्हं नावाड्याच्या छातीशी आडवं आणलं, दोन्ही हातांनी धरलेलं, आणि मान जराशी मागे वळवली. आधीचा नावाडी जोरात होता. हा मागे कुणी राहिलंय का, ते बघतो. मी स्पष्टच सांगते, हा जास्त चांगला आहे. प्लास्टिक मऊ निघालं नसतं तर तो झालाच नसता. कडक प्लास्टिक बंद करणाऱ्या त्या पहिल्या कारखान्यालाही मी आता शिव्या देत नाही.

नवा नमुना आला. मामांनी चष्मा पुसला, नावाड्याला दोन बोटांत धरलं आणि खाचेत दाबलं. बसला. एकामागून एक सगळी बसली. होडी उलटी करून हलवली तरी कुणी पडेना. मामी म्हणाली, "जेवायला चला आता, वाचले सगळे."

मी खूप दिवस मनात जुळवून ठेवलेलं बोलायला गेले, की मामा, तुमच्यामुळे हे झालं, तुमचे उपकार. मामा म्हणाले, "भात निवतोय." आपल्या माणसांचे आभार मानायला तोंड उघडलं की समोरून असंच काहीतरी येतं. म्हणून इथे लिहिते: मामा, मी तुमची ऋणी आहे. आणि थांबलेल्या प्रत्येकाची.

राहिला खोक्याचा प्रश्न. नाव काढ, हे मामांनी मागे घेतलं नव्हतं, आणि मी मुद्दामच विषय काढत नव्हते. एका दुपारी कारखान्यातल्या बाईंचा फोन आला. खोकी छपाईला चालली होती. "शिल्पकाराचं नाव ठेवायचं की काढायचं? आत्ता सांगा, मशीन थांबवलंय." मी मामांकडे पाहिलं. त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"ठेवा," मामा म्हणाले. मग घसा साफ करून, आयुष्यात पहिल्यांदा कारखान्यातल्या कुणावर तरी आवाज चढवून म्हणाले, "आणि मोठ्या अक्षरात घाला. काही बिघडलं तर शिव्या कुणाला द्यायच्या, हे लोकांना कळलं पाहिजे."