ऐंशी मीटर पूर्वेला

लेखन हा माझा प्रांत नव्हे. नाशिकच्या एका शासकीय कार्यालयात मी सारी नोकरी इतरांनी काढलेले नकाशे संगणकात भरण्यात घालवली. स्वतःचे असे चार ओळींचे काही कधी कोणापुढे ठेवले नाही. या वयात लेखणी हाती धरण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल जाणत्या वाचकांनी क्षमा करावी. ज्यांच्याविषयी लिहायचे आहे, त्यांनी हे पान पाहिले असते तर चष्मा कपाळावर चढवून, आधी कागद उलटा करून त्याची पाठ तपासली असती आणि विचारले असते, "कोणी? कधी? कशानं?"

आम्ही सारे त्यांना चाचा म्हणत असू. ते आमच्याकडचे सर्वांत जुने आरेखक. नकाशा कोणी मोजला, कधी मोजला, कोणत्या साधनाने मोजला, हे त्यावर लिहिलेले नसेल तर ते तो दोन बोटांनी बाजूला सरकवीत. "बेवारस आहे. वारस आणा, मग बोलू."

पुढे याच माहितीला 'मेटाडेटा' म्हणतात, हे शिकवायला तज्ज्ञ मंडळी आली. चाचा मागच्या बाकावर बसून तीन दिवस निमूट ऐकत होते. शेवटच्या चहाला माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ताई, आमचे अब्बा मालेगावात हेच करायचे. कापडाच्या प्रत्येक थानाला चिठ्ठी. माग कोणता, हात कोणाचा, सूत कुठलं. चिठ्ठी पडली की चांगल्या कापडालाही व्यापारी हात लावायचा नाही. एवढ्यासाठी तीन दिवस?"

त्यांच्या डब्यातल्या लोणच्याच्या बरणीवरही चिठ्ठी असे: कैरी बागेतली, हात बेगमचा, मीठ अंदाजाने. एकदा नव्या लिपिकाने घराचा पत्ता सांगताना म्हटले, "द्वारका चौकापासून पाच मिनिटं." चाचांनी पेन उघडले. "पायी की रिक्षानं?" "रिक्षानं." "सकाळी की संध्याकाळी?" तो बिचारा गोंधळला. "चाचा, तुम्ही जेवायला येताय की मोजणीला?" "जेवायलाच. पण संध्याकाळी द्वारकेला पाच मिनिटांत माणूस रस्तासुद्धा ओलांडत नाही."

आम्ही हसत असू. मीही हसले आहे.

सुरगाण्याच्या बाजूला, डोंगराच्या पश्चिम पायथ्याशी एक पाडा आहे. डोंगराचा कडा खचण्याची भीती असल्याने धोक्याच्या क्षेत्राची सीमा चाचांनी ऐन उमेदीत स्वतः पायी फिरून आखली होती. पाडा त्या सीमेच्या आत येत होता. नकाशासोबत त्यांच्या हातची चिठ्ठी होती आणि तिच्यात ठळक लिहिले होते, की हे आकडे जुन्या पद्धतीचे आहेत. पृथ्वीवरची जागा अंशांत सांगण्याच्या पद्धती एकाहून अधिक असतात. जुन्या पद्धतीचे आकडे नव्या पद्धतीचे समजून मांडले, तर आमच्या भागात सारी रेषा ऐंशीएक मीटर पूर्वेला सरकते.

पुढे सर्व खात्यांना नकाशे एकाच ठिकाणी पाहता यावेत म्हणून ते संगणकावर चढवण्याचा हुकूम आला. प्रत्येक नकाशासाठी भलामोठा तक्ता होता आणि एकही रकाना रिकामा ठेवला, तर पुढचे पान उघडत नसे. आम्ही त्यावर तोड काढली होती. आधीच्या नकाशाचे रकाने उचलायचे आणि जसेच्या तसे पुढच्याला चिकटवायचे. सगळे तसेच करीत. त्या दिवशी मीही तसेच केले. चाचांची चिठ्ठी माझ्या टेबलावर पेपरवेटखाली होती. मी ती वाचली नाही. पुढे कार्यालय नव्या इमारतीत हलले, त्या धांदलीत ती कोणत्या गठ्ठ्यात गेली, हे कोणालाच ठाऊक नाही.

पुनर्वसनाची यादी त्या सामायिक नकाशावरून तयार झाली. रेषा सरकलेली होती. पाडा तिच्या बाहेर पडला आणि यादीतूनही. चाचा तेव्हा निवृत्त झाले होते. यादी वाचून ते तडक कार्यालयात आले. मी नकाशा उघडून दिला. मोजणारा म्हणून भलत्याचेच नाव, तारीख भलतीच, पद्धत नवी. एकही रकाना रिकामा नव्हता.

"ताई, हे तुमच्या हातचं?"

मी मान हलवली. ते रागावले असते तर बरे झाले असते. पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, "बेवारस असता तर कोणीतरी विचारलं असतं. आता याला खोटा बाप मिळालाय. आता कोण विचारणार?"

त्यांनी अर्ज केला. उत्तर आले: नोंद परिपूर्ण आहे, सबब बदलाची आवश्यकता नाही. त्यांनी फेरमोजणी मागितली. उत्तर आले: नोंद सदोष असल्याचा पुरावा सादर केल्यास विचार करता येईल. पुरावा म्हणजे ती चिठ्ठी, किंवा रकाने भरणाऱ्या व्यक्तीचा लेखी जबाब. चाचांच्या एकाही अर्जात माझे नाव नव्हते. माझ्या निवृत्तीला सात महिने उरले होते, हे त्यांना माहीत होते. मलाही माहीत होते. मी जबाब दिला नाही.

मग ते एसटीने पाड्यावर जाऊ लागले. एकदा मी सोबत गेले. गुडघ्याला पट्टा बांधून ते घरोघर हिंडले, डोंगराकडे बोट करून सांगत राहिले. एका म्हाताऱ्याने त्यांना खाट टाकून दिली आणि म्हटले, "चाचा, तू भला माणूस. पण सरकारच्या कागदात आमी बाहेर हाय ना? मंग घर कशापायी सोडायचं? आन जायचं कुठं?"

"कागद खोटा आहे, बाबा."

"तुझाच हाय ना कागद?"

म्हाताऱ्याची सून हसून म्हणाली, "लय बोलला, आता च्या घे." चाचांनी चहा घेतला. परतताना वणीला गाडी थांबली तेव्हा ते खिडकीबाहेर पाहत पुटपुटले, "आखली बरोबर होती, ताई. पायी फिरून आखली होती."

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. मी भेटायला गेले तेव्हा बेगमनी त्यांची अर्जांची पिशवी माझ्यापुढे ठेवली. "तुम्ही त्यांच्या खात्यातल्या. यातलं काय ठेवू, काय टाकू?" शेवटचा अर्ज अर्धाच होता. 'रकाने कोणी भरले' या शब्दांपुढे जागा सोडलेली होती. त्यांनी तिथे काही लिहिले नव्हते.

पाडा आजही त्याच पायथ्याशी आहे. गेल्या पावसात वरून दोन मोठे दगड आले आणि शाळेच्या भिंतीपाशी थांबले, असे त्या सुनेने फोनवर सांगितले. पुढचा पाऊस आता दोन महिन्यांवर आहे. मी जबाब लिहिला आहे: रकाने मी भरले, न वाचता भरले, नोंद खोटी आहे. पण मोजणारा हयात नाही, चिठ्ठी सापडत नाही आणि त्या तक्त्यात माझे नाव कुठेही नाही. ते काम माझे होते, हे सांगणारा कागदच नाही. वाचकहो, माझी एकटीची सही पुरेल का?