न धुतलेले हात

अजगर घरात आला तेव्हा सुमिन्तेनने नवऱ्याला सरळ बजावलं होतं, "एक तर हा राहील, नाहीतर मी." जुमादीने मान डोलावली, आणि राहिले दोघंही. वर्षभरात बाईंचा सूरच बदलला. "आमच्या गुलुंगची कटकट म्हणून नाही. भुंकणं नाही, ओरबाडणं नाही, दोन आठवड्यांनी कोंबडीचं एक पिल्लू दिलं की झालं. स्वभावाने तर माझ्या सासूपेक्षा गरीब!" घरापुढच्या दुकानात गिऱ्हाइकांना कोंबडीचा सोतो, म्हणजे पातळ रस्सा, वाढता वाढता ती सांगायची. इंडोनेशियातल्या सिदोआर्जोच्या त्या गल्लीतली पोरं त्याला खुशाल गळ्यात घालून फिरायची.

जुमादीची अट एकच होती. "त्याला सगळं वासावर कळतं. कोंबडीचा हात नेलास तर हातालाच कोंबडी समजेल. आधी साबण, मग तो."

त्या सकाळी कोंबडी चिरताना तिला गुलुंगच्या पेटीचं झाकण सरकलेलं दिसलं. ती तशीच धावली. पुढच्या क्षणी गुलुंगचे दात तिच्या पंजात होते.

आरडाओरडा ऐकून बाकावरची गिऱ्हाइकं वाडग्यांसकट आत आली. त्यांत वस्तीचे प्रमुख सुगियोनोही होते. "वहिनी, हात धुतले होते ना?"

खाणं विकणाऱ्या बाईने यावर काय सांगावं? "म्हणजे काय! साबणाने!"

"मग जनावर फिरलंय. आज तुम्ही, उद्या पोरं. संध्याकाळच्या आत हलवा."

चावणारा अजगर दुसरं कोणी पाळत नाही. कातडीवाला तेवढा घेतो.

जुमादीने वाद घातला नाही. तिला पट्टी बांधताना तो एवढंच म्हणाला, "इतकी वर्षं छातीठोक सांगत आलो, उगाच चावत नाही म्हणून. मलाच तो कळला नाही." सुमिन्तेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण उद्या दुकान उघडायचं होतं. दुपारपर्यंत तिने दुसरा हात घासघासून लाल केला.

जुमादीने गुलुंगला पोत्यात घातलं आणि पोतं स्कूटरला बांधलं. बाकावर लोक जेवत होते. स्कूटर सुरू झाली तशी ती धावत जाऊन आडवी उभी राहिली.

"उतरा खाली! हात नव्हते धुतले मी. कोंबडीचेच होते. सकाळी सगळ्यांसमोर खोटं बोलले."

एका बाईने वाडगा हळूच बाजूला सरकवला. सुगियोनोंच्या तोंडात घास तसाच राहिला. "अहो, मग हे सकाळीच सांगायचंत!"

"सांगितलं असतं तर आत्ता इथे जेवला असता का?"

जुमादीने पोतं सोडलं. गुलुंग बाहेर आला, जीभ लपलपवली, आणि तिच्या सुजून गरम झालेल्या हाताभोवती निवांत विळखा घालून पडला.

"डूख तरी धर रे मेल्या," सुमिन्तेन हुंदके देत म्हणाली.

"त्याला काही कळत नाही. ऊब मिळाली, बसला," जुमादी म्हणाला. मग तिच्याकडे न बघता तो पोत्याची घडी घालू लागला. "कळतं ते मला."