खिळ्यावरची पिशवी

आषाढातला पहिला सोमवार, सकाळचे अकरा. हजर: डॉक्टर, आमचे हे, आमची मुलगी आणि मी.

कार्यालयात बैठकांची टिपणं काढून काढून माझा हात असा बसलाय की दवाखान्याच्या त्या खोलीतही मी वही उघडली. निर्णय एकच झाला. ह्यांच्या हृदयाची झडप बदलायची. पावसाळाभर औषधांवर काढायचं आणि नवरात्राच्या सुमारास ऑपरेशन. मी औषधं लिहिली, पथ्य लिहिलं. "काही विचारायचं आहे?" असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मनात जो एकच प्रश्न होता तो ह्यांच्यासमोर विचारता येण्यासारखा नव्हता.

परतताना गाडीत बसल्या बसल्या मी देवीला नवस बोलले. ऑपरेशनच्या दिवशी, माझ्या हातानं पेरलेल्या, आमच्या अंगणात फुललेल्या झेंडूचा हार तुला वाहीन. विकतचं एक फूल त्यात नसेल. काम हाती घेतलं की माझी भीती कमी होते, हा आजवरचा अनुभव. या वेळी मात्र उलटं झालं. आता ह्यांच्या जिवाची काळजी होतीच, वर प्रत्येक बीची काळजी सुरू झाली.

गोल बाजारातून बियांची पाकिटं आणली. अंगणात बारा कुंड्या मांडल्या, आइस्क्रीमच्या काड्यांवर नंबर आणि तारीख लिहून खोचल्या. हे व्हरांड्यात खुर्चीवर बसून बघत होते. म्हणाले, "माझ्याही कानामागे एक काडी खोच. हरवलो तर सापडीन." मुलगी खळखळून हसली. मी हसले नाही. त्या काळात मला काहीच नुसतं ऐकू येत नसे, सगळ्यात संकेत दिसत.

चौथ्या दिवशी कोंब दिसेना, तेव्हा मी केसातली पिन काढून माती बाजूला केली आणि बी पाहिलं. परत झाकलं. संध्याकाळी परत पाहिलं. या हिंदी मुलखात वाढलेली मुलगी म्हणाली, "मम्मी, आप उनको चैन से उगने तो दो." जे उगवले त्यांना मी इतकं पाणी घातलं की मातीलगत देठ काळे पडून रोपं एकेक करून आडवी झाली. सात नंबरचं रोप पडलं त्याच दुपारी ह्यांना दम लागला. दोन्ही गोष्टी मी एकाच पानावर लिहिल्या आणि नंतर ते पान उघडायची हिंमत होईना. श्रावणात दुसऱ्यांदा पेरलं. तेही तसंच गेलं. हे एकदाच जरा चिडून आपल्या गावाकडच्या बोलीत बोलले, "काहून रोज उकरून राहिली? तुले काय मी दिसून राहिलो का त्या कुंडीत?" खरं तर तेच दिसत होतं.

आमच्याकडे रोज पूजेची फुलं देणारी एक बाई येते. तिचं नाव मी इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. माझ्या यादीत ती 'फूलवाली' एवढीच होती. पोळ्याच्या दिवशी ती आली तेव्हा मी पिन घेऊन कुंडीपाशी बसलेली. तिनं टोपली खाली ठेवली आणि इथल्या बोलीत म्हणाली, "दीदी, बीजा ला घेरी-बेरी उघार के देखहू त कइसे जामही?" बी पुन्हापुन्हा उघडून पाहिलं तर रुजणार कसं, एवढंच तिनं विचारलं. मला रडू फुटलं. त्या उघड्या अंगणात, तिच्यासमोर, मी नवसापासून सगळं सांगून टाकलं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते.

ती हातपाय धुवायला मागच्या नळाकडे गेली आणि तिथून तिची हाक आली, "दीदी, एती आवव तो!" इकडे या जरा, म्हणून.

मागे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, गुडघ्याएवढी झेंडूची दाटी उभी होती. हिरवीगार, बारीक कळ्या धरलेली. वर भिंतीला खिळा आणि खिळ्यावर उन्हापावसानं चिरलेली कापडी पिशवी. मी ती लगेच ओळखली. आदल्या दसऱ्याचं दाराचं झेंडूचं तोरण, सुकल्यावर तळ्यात सोडायला म्हणून मी त्यात भरलं होतं. तेव्हाच ह्यांचं दुखणं सुरू झालं आणि ते राहून गेलं. वहीत दर महिन्याला मी एक ओळ पुढच्या पानावर उतरवत होते: निर्माल्य तळ्यात सोडणे. सगळ्या वर्षात माझं एवढं एकच काम राहिलेलं होतं.

क्षणभर मी त्या कळ्यांपाशी वाकले, आणि लगेच भीतीनं पुन्हा डोकं वर काढलं. नवस तर माझ्या हातानं पेरलेल्या फुलांचा होता. ही मी कुठे पेरली? मी तसं बोलून दाखवलं. ती हसली. "तुमन नइ बोएव त का होइस? जेन बोइस हे, ओही ला चढ़ा देव." तुम्ही पेरलं नाही तर काय झालं, जिनं पेरलं तिलाच वाहा.

त्यानंतर मी त्या रोपांना नंबर दिले नाहीत. भीती गेली असं म्हणणार नाही. पण मी टाकीपासून चार पावलं दूर थांबायचे, लांबूनच हात जोडायचे.

ऑपरेशन अष्टमीला ठरलं. पहाटे मी, मुलगी आणि ती बाई, तिघींनी मिळून हार ओवला. तिचं नाव सुकवारो, हे मला त्या दिवशी कळलं. हार देवीच्या गळ्यात पडला आणि आम्ही दवाखान्यात गेलो. बाहेरच्या बाकावर पाच तास बसले. वही पर्समध्ये होती, काढली नाही. हात मांडीवर उघडे ठेवले होते. त्यात धरायला काही नव्हतं आणि माझ्या आयुष्यात तसे पाच तास पूर्वी कधी आले नव्हते.

डॉक्टर हुशार होते, निदान वेळेवर झालं, हे मला माहीत आहे. मी कुणाला काही पटवून देत नाही. जे मी जपलं ते माझ्या हातून मेलं आणि जे मी विसरले ते कुणीतरी जपलं, एवढंच पाहिलं ते लिहिते आहे.

आता चैत्र लागला आहे. हे सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत फिरून येतात. पुढच्या महिन्यात तपासणी आहे आणि भीती अजून अधूनमधून येऊन बसते. या दसऱ्याचं तोरण मी नव्या पिशवीत भरून त्याच खिळ्याला अडकवलं. परवा ह्यांनी विचारलं, "ते तळ्यात सोडायचं होतं ना?"

"हो," मी म्हटलं, "यादीत आहे."